बॉल पायथनने हिवाळ्यात खाणे सोडले : पाळीव सापांचा ऋतूनुसार होणारा उपास

केतकी_एडिसन

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसन येथे राहतो. माझ्या मुलाने पाळलेला बॉल पायथन (आफ्रिकेतील लहान अजगर) नर असून तो आता साडेतीन वर्षांचा आहे. आजवर त्याच्या खाण्याची कधीच तक्रार नव्हती. गोठवलेला उंदीर गरम पाण्यात ठेवून, पुसून, लांब चिमट्याने समोर धरला की तो क्षणात झडप घालून वेटोळे घालत असे. दिवाळी झाल्यापासून मात्र त्याने खाणे पूर्ण सोडले आहे. उंदीर समोर धरला की तो जीभ बाहेर काढून अंदाज घेतो, मान जरा मागे घेतो आणि लपण्याच्या खोक्यात निघून जातो.

काचपेटीत काहीही बदललेले नाही. उबदार बाजूचे तापमान ३२ अंश सेल्सियस, थंड बाजूचे २६ अंश आणि आर्द्रता साठ टक्क्यांच्या आसपास असते. ऑक्टोबरच्या अखेरीस त्याचे वजन १४१० ग्रॅम होते, ते काल १३६० ग्रॅम भरले. दिवसा तो लपून असतो, पण रात्री पेटीभर हिंडतो, काचेला नाक घासतो आणि झाकणाच्या कडा तपासतो. मुलगा फार काळजीत आहे आणि खरे सांगायचे तर मीही आहे. हा आजार आहे की ऋतूचा परिणाम, हे ओळखायचे कसे, आणि किती काळ वाट पाहणे सुरक्षित आहे? जाणकारांनी कृपया सांगावे.

मिलिंद_लेस्टर

केतकीताई, तुमच्या वर्णनावरून हा ऋतूचा उपास असण्याची शक्यता आजारापेक्षा पुष्कळ अधिक वाटते. तसे का वाटते ते जरा विस्ताराने लिहितो, कारण इंग्लंडमध्ये मी अनेक वर्षे हेच साप पाळतो आहे आणि दर हिवाळ्यात हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतेच. साप प्रौढ आहे, नर आहे, खाणे दिवाळीच्या सुमारास सुटले आहे, वजनातील घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास आहे आणि रात्री तो निपचित न पडता हिंडतो आहे. यांतील शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आजाराने भूक गेलेला साप सहसा मलूल होतो. तुमचा साप मात्र भूक बाजूला ठेवून दुसऱ्याच कामाला लागलेला दिसतो, आणि ते काम म्हणजे मादीचा शोध.

हे समजण्यासाठी त्याचे मूळ घर डोळ्यांसमोर आणावे लागेल. सेनेगलपासून पूर्वेला युगांडापर्यंत आफ्रिकेत जो गवताळ आणि विरळ झाडीचा पट्टा आहे, तिथला हा साप. आपल्याकडे पाळले जाणारे बहुतेक बॉल पायथन घाना, टोगो आणि बेनिन या तीन देशांतून आलेल्या सापांचे वंशज आहेत. तिथे तो दिवसा उंदरांच्या बिळांत आणि वारुळांत राहतो आणि रात्री बाहेर पडतो. नोव्हेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत तिथे सहारा वाळवंटाकडून हर्मॅटन नावाचा कोरडा, धुळीने भरलेला वारा वाहतो. हवा शुष्क होते आणि रात्री गार होतात. मीलनाचा काळ साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून सुरू होतो, माद्या फेब्रुवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत अंडी घालतात, सुमारे दोन महिने त्यांच्याभोवती वेटोळे घालून बसतात आणि पिल्ले पावसाच्या तोंडावर बाहेर येतात, जेव्हा गवत उगवते आणि उंदीर वाढू लागतात. पिल्लांना जन्मतःच भक्ष्य मिळावे, यासाठी आईबापांचे सबंध वर्ष असे मागून पुढे आखले गेले आहे, आणि त्यांचा उपास हा त्या आखणीचाच एक भाग आहे.

मादी दोनदा उपास करते. अंडी पोटात मोठी होऊ लागली की शरीरात भक्ष्यासाठी जागाच उरत नाही, म्हणून ती आधी खाणे कमी करते आणि मग थांबवते. पुढे अंड्यांवर बसल्यावर ती जवळजवळ जागची हलत नाही. नराचे कारण वेगळे आहे. एक मोठा उंदीर गिळला की सापाला कित्येक दिवस उबेला पडून तो पचवावा लागतो आणि फुगलेल्या पोटाने त्याला चपळाईने हिंडता येत नाही. मादी मिळण्याचे आठवडे मोजकेच असतात. ते पचनात घालवणारा नर मागे पडतो. म्हणून त्या काळात त्याचे शरीर भुकेचा आवाज बंद करते. पाळीव सापांत हा हंगाम पुढे सरकलेला दिसतो आणि नरांचा उपास नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत चालू शकतो.

आता तुमचा स्वाभाविक प्रश्न असेल की अमेरिकेत काचपेटीत जन्मलेल्या सापाला हे कळते कसे? थर्मोस्टॅट तापमान राखतो. पण खोलीत खिडकीतून येणारा दिवस डिसेंबरात लहान झालेला असतो, घरातील हीटिंगमुळे हवा कोरडी पडलेली असते, रात्री पेटीची थंड बाजू एखाद्या अंशाने उतरते आणि वादळापूर्वी हवेचा दाबही बदलतो. सापाला इतके संकेत पुरेसे होतात. शिवाय प्रजननाचे अंतर्गत चक्र वयाबरोबर पक्के होत जाते, म्हणूनच पहिली दोन वर्षे नियमित खाणारा नर तिसऱ्या हिवाळ्यात अचानक थांबतो आणि घरचे लोक घाबरतात.

किती थांबावे याचे उत्तर मी दिनदर्शिकेवरून देणार नाही, वजनकाट्यावरून देईन. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर झाकणाचा डबा ठेवून दर दोन आठवड्यांनी वजन करा आणि वहीत लिहून ठेवा. धडधाकट प्रौढ साप या काळात फार थोडे वजन गमावतो. घट दहा टक्क्यांपर्यंत गेली, म्हणजे तुमच्या बाबतीत वजन १२७० ग्रॅमच्या खाली उतरले, तर सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याकडे जावे. पाणी मात्र रोज ताजे ठेवा, कारण उपाशी साप महिनोन्महिने तगतो, तहानलेला तगत नाही.

अनघा_पुणे

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवते. मिलिंद यांनी उपासाचे कारण सांगितले आहे. सापाच्या शरीराला हा उपास परवडतो कसा, याविषयी थोडे लिहिते, कारण हे कळले की भीती बरीच कमी होते.

आपली पचनसंस्था दिवसरात्र तयार अवस्थेत असते, कारण आपण दिवसातून तीन-चार वेळा खातो. बसून दबा धरणारे अजगर क्वचितच आणि एकदम मोठे भक्ष्य खातात, म्हणून दोन जेवणांच्या मधल्या काळात ते आपली पचनसंस्था जवळजवळ मिटून ठेवतात. पाहुणे येणार नसतील तर आपण मोठी चूल पेटती ठेवत नाही, तसेच हे आहे. स्टीफन सेकॉर आणि जेरेड डायमंड यांनी १९९० च्या दशकात बर्मी अजगरांवर केलेले काम या विषयात पायाभूत मानले जाते. त्यांना असे दिसले की मोठे भक्ष्य गिळल्यानंतर एक-दोन दिवसांत अजगराच्या शरीराचा ऊर्जावापर कित्येक पटींनी वाढतो आणि लहान आतड्याचे वजन जवळपास दुप्पट होते. उपाशी अजगराच्या जठरात आम्ल जवळजवळ नसतेच. भक्ष्य पोटात गेल्यावर ते स्रवू लागते आणि एका दिवसात जठर तीव्र आम्लधर्मी होते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर जेवणानंतर ४८ तासांत अजगराच्या हृदयाच्या जवनिकेचे वजन ४० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. पचन संपले की हे सगळे अवयव पुन्हा आकसतात. म्हणजे आतडे आणि हृदय गरजेपुरते वाढवून नंतर लहान करण्याची सोय या प्राण्यांत मुळातच आहे.

केतकीताईंच्या प्रश्नाशी अधिक जवळचे काम मार्शल मॅक्यू यांचे आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात बॉल पायथन, रॅट स्नेक आणि वेस्टर्न डायमंडबॅक रॅटलस्नेक या तीन प्रजातींच्या सापांना सुमारे सहा महिने अन्नाविना ठेवून त्यांच्या शरीरात काय घडते ते मोजले गेले. काही सापांनी आपल्या ऊर्जावापरात ७२ टक्क्यांपर्यंत घट केली, आणि आश्चर्य असे की अन्न मिळत नसतानाही ते लांबीने किंचित वाढत राहिले. सस्तन प्राण्याच्या बाबतीत हे अकल्पनीय आहे, कारण आपण खाल्लेल्या अन्नाचा मोठा भाग केवळ शरीर उबदार ठेवण्यात खर्च करतो. सापाला तो खर्चच नाही.

एक अपवाद नोंदवण्यासारखा आहे. बर्मी अजगराची मादी अंड्यांवर बसली की स्नायू लयबद्ध आकुंचित करून स्वतः उष्णता निर्माण करते. न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील मादीवर मोजमाप करून १९६६ साली हे प्रसिद्ध झाले. ती मादी उपाशी असते आणि वर इंधनही जाळत असते, त्यामुळे अंड्यांवरून उठेपर्यंत ती पार खंगते. पाळीव मादीला मीलनापूर्वी पुरेशी पुष्ट होऊ द्यावे, असे जाणकार सांगतात त्यामागे हा हिशेब आहे.

सुहास_ह्यूस्टन

चर्चा उत्तम चालली आहे. माझ्याकडेही बॉल पायथन नर आहे आणि त्यानेही नाताळपासून खाणे सोडले आहे. इथल्या एका दुकानदाराने मला दोन सल्ले दिले. एक, जिवंत उंदीर रात्रभर पेटीत सोडून द्यावा, म्हणजे शिकारीची वृत्ती जागी होईल. दुसरा, तेवढ्यानेही जमले नाही तर तोंड उघडून उंदराचे पिल्लू घशात सरकवावे. दोन्ही सल्ले मला पटले नाहीत, पण नेमके काय करावे हेही कळत नाही. उलट बाजूने एका परिचिताचे म्हणणे असे की साप आपणहून थंडीचा हंगाम पाळतोच आहे, तर पेटीचे तापमान पंधरा अंशांपर्यंत उतरवून त्याला झोपू द्यावे. याविषयीही मत हवे आहे.

मिलिंद_लेस्टर

सुहास, तिन्ही गोष्टी कृपया करू नका.

जिवंत उंदीर आणि भूक नसलेला साप एका पेटीत रात्रभर राहिले तर शिकार उंदराची होत नाही. उपाशी, घाबरलेला उंदीर सापाची पाठ कुरतडतो. हाडापर्यंत गेलेल्या जखमा आणि गमावलेले डोळे मी पाहिले आहेत. बॉल पायथन तर भीती वाटली की डोके आत घेऊन चेंडूसारखा गोळा होतो आणि पळण्याचा प्रयत्नही करत नाही, त्यामुळे त्याचे हाल अधिक होतात. इंग्लंडमध्ये बहुतेक जबाबदार पाळणारे गोठवलेलेच भक्ष्य देतात, आणि ते सापासाठी व उंदरासाठी दोघांसाठीही अधिक दयेचे आहे.

घशात अन्न कोंबणे हा पशुवैद्याच्या देखरेखीखाली, खंगलेल्या सापासाठीचा अगदी शेवटचा उपाय आहे. अनघाताईंनी वर लिहिलेच आहे की उपासात आतडे आकसलेले आणि जठरात आम्ल नसलेले असते. धडधाकट नराला जबरदस्तीने भरवले तर तो बहुधा ते उलटून टाकतो, अन्ननलिकेला इजा होते आणि माणसाच्या हाताविषयीची भीती मात्र कायमची बसते.

तापमानाविषयीची तुमच्या परिचितांची सूचना दुसऱ्या प्रकारच्या सापांसाठी योग्य आहे, बॉल पायथनसाठी घातक आहे. त्याच्या मूळ प्रदेशात रात्री गार होतात म्हणजे आपल्याला सुखद वाटाव्यात इतपतच होतात, आणि खोल बिळात त्याहूनही ऊब असते. पेटीची थंड बाजू रात्री २४ अंशांपर्यंत उतरली तर काही बिघडत नाही. त्याखाली सतत राहिले तर श्वसनमार्गाचा संसर्ग होण्याची भीती असते. उबदार बाजू ३१ ते ३३ अंशांवर ठेवा आणि उपास चालू असला तरी ती बंद करू नका.

खरे तर उपासाच्या काळात करण्यासारखे फार थोडे असते. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, अंधार पडल्यावर, भक्ष्य दाखवावे. बॉल पायथनच्या ओठांवर उष्णता जाणणारे खळगे असतात, म्हणून उंदराचे डोके शरीरापेक्षा थोडे अधिक उबदार असेल तर त्याला लक्ष्य चटकन कळते. साधारण ३८ ते ४० अंश पुरतात. खाल्ले तर उत्तम, नाही तर भक्ष्य उचलून टाकावे आणि पेटी झाकून ठेवावी. रोज रोज उंदीर नाचवल्याने साप भक्ष्यालाच त्रास समजू लागतो, आणि हंगाम संपल्यावरही टाळू लागतो. या काळात त्याला हाताळणेही कमी करावे.

रोहिणी_विनिपेग

थंडीविषयी चर्चा निघाली म्हणून लिहिते. मी कॅनडात मॅनिटोबा प्रांतात राहते आणि माझ्याकडे कॉर्न स्नेक आहे. हा साप अमेरिकेच्या आग्नेय भागातील, जिथे खरा हिवाळा असतो, तिथला. त्याला प्रजननापूर्वी दोन-तीन महिने दहा ते तेरा अंशांवर ठेवण्याची पद्धत जुनी आहे. परंतु त्याआधी किमान दोन आठवडे खाणे पूर्ण बंद ठेवून, ऊब मात्र चालू ठेवून, पोट रिकामे करून घ्यावे लागते. थंड शरीरात पचन थांबते आणि पोटातील उंदीर आतल्या आत कुजतो. त्याने साप दगावतो. सापाला थंडीची चाहूल लागताच खाणे सोडण्याची जी उपजत सवय आहे, तिचे हे एक सरळ कारण असावे असे मला वाटते. प्रजनन करायचे नसेल तर पाळीव कॉर्न स्नेकला असे थंड ठेवण्याची गरज नाही, आणि मी ठेवतही नाही. तरीही डिसेंबर-जानेवारीत माझी मादी एखाद-दोन जेवणे नाकारतेच.

पण ज्यासाठी मुख्यतः लिहायला बसले ते वेगळेच आहे. विनिपेगच्या उत्तरेला नार्सिस नावाचे ठिकाण आहे. तिथे चुनखडीच्या खडकांतील भेगांत लाल बाजूंचे गार्टर साप हजारोंच्या संख्येने हिवाळा काढतात आणि साधारण एप्रिलच्या अखेरीपासून बाहेर येऊ लागतात. नर आधी येतात आणि भेगांच्या तोंडाशीच थांबतात. मादी वर आली की कित्येक नर तिच्याभोवती गुंततात आणि सापांचा एक हलता गोळाच तयार होतो. मी लाकडी कठड्यावरून वाकून पाहिले तेव्हा कोरड्या पानांवरून एकाच वेळी असंख्य साप सरकण्याचा जो सळसळाट ऐकला, तो पावसाच्या सरीसारखा सलग होता. हे नर सात-आठ महिने जमिनीखाली काहीही न खाता राहून आलेले असतात. तरीही मीलनाचा काळ संपेपर्यंत ते अन्नाला तोंड लावत नाहीत. या सापांवर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात संशोधकांनी त्यांना भक्ष्य देऊन पाहिले आणि मीलनाच्या काळात नर ते नाकारतात, तो काळ ओसरला की खाऊ लागतात, असे नोंदवले.

मिलिंद यांचे म्हणणे याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण मला माहीत नाही. इथे अन्न नव्हते म्हणून खाल्ले नाही असे म्हणता येत नाही, थंडी होती म्हणूनही म्हणता येत नाही. भुकेची वेळ सर्वार्थाने आलेली असताना शरीरानेच ती पुढे ढकललेली आहे. घरच्या पेटीतील नर बॉल पायथन उंदराकडे पाहून मान वळवतो तेव्हा तो बहुधा हेच करत असतो.

संजीव_ब्रिस्बेन

ऑस्ट्रेलियात बॉल पायथन पाळण्यास परवानगी नाही. इथे परवाना काढून स्थानिक साप पाळता येतात आणि माझ्याकडे कार्पेट पायथनचा नर आहे. तोही दरवर्षी उपास करतो, फक्त आमचा हिवाळा जून ते ऑगस्ट असल्याने त्याचे महिने उलटे असतात. जूनच्या सुमारास खाणे थांबते आणि वसंतात मीलनाचा काळ सरल्यावर पुन्हा सुरू होते. याच शहरात घरांच्या छपरांत राहणाऱ्या रानटी कार्पेट पायथनचे वेळापत्रक त्याच्याशी जुळते, हे पाहून मला दर वर्षी समाधान वाटते. माझा साप उपासापूर्वी, मार्च-एप्रिलमध्ये, नेहमीपेक्षा अधिक हावरा होतो. केतकीताई, तुमचा साप सप्टेंबर-ऑक्टोबरात अधिक खात होता का, हे आठवून पाहा.

शिरीष_सातारा

मी सर्पमित्र म्हणून काम करतो, आणि या धाग्यावर भारतातून वाचणारेही असतील म्हणून दोन गोष्टी नोंदवतो. नाग, घोणस, धामण, अजगर यांपैकी कोणताही भारतीय साप १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार घरी पाळता येत नाही. बॉल पायथनसारखे परदेशी साप ज्यांच्याकडे आहेत, त्यांना २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करणे बंधनकारक आहे.

दुसरी गोष्ट उपासाविषयीच आहे. साप महिनोन्महिने न खाता राहू शकतो, या गुणाचा आपल्याकडे फार क्रूर उपयोग केला गेला. नागपंचमीपूर्वी गारुडी नाग पकडून त्यांना कोंडून, अन्नपाण्याविना ठेवत. सापाला दूध पचत नाही. परंतु तहानेने व्याकूळ झालेला नाग समोर आलेला कोणताही द्रव पितो, आणि लोकांना वाटते की नागोबाने नैवेद्य स्वीकारला. त्यातले अनेक साप पुढे मरत. ऋतूचा उपास आणि लादलेली उपासमार या दोन्हींत साप बाहेरून सारखाच शांत दिसतो, म्हणून मिलिंद यांनी पाण्याविषयी लिहिलेले वाक्य मला फार मोलाचे वाटले. ऋतूचा उपास साप स्वतः सुरू करतो, अंगावर चरबी असताना सुरू करतो, आणि त्याला पाणी व ऊब हवीच असते.

नुकत्याच पकडलेल्या सापाचे न खाणे हाही वेगळा प्रकार आहे. जखमी साप उपचारासाठी केंद्रात ठेवले की कित्येक जण कोणत्याही ऋतूत खात नाहीत, कारण त्यांना जागा परकी आणि उघडी वाटते. पेटी बदलली, घर बदलले, समोर कुत्रा-मांजर आले किंवा लपायला जागा अपुरी पडली, तर पाळीव सापातही तेच घडत असणार. त्यामुळे ऋतूवर सगळे ढकलण्यापूर्वी या गोष्टी तपासून घ्याव्यात.

केतकी_एडिसन

सर्वांचे मनापासून आभार. संजीव, तुमचा प्रश्न वाचून मुलाने वही काढली. सप्टेंबरात तो खरोखर अधिक आक्रमकपणे खात होता.

मनाच्या समाधानासाठी आम्ही त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्यांकडे नेऊन आणले. त्यांनी तोंड उघडून हिरड्या पाहिल्या, श्वासाचा आवाज ऐकला, खवल्यांखाली माइट्स (रक्त शोषणारे बारीक किडे) आहेत का ते पाहिले आणि विष्ठेची तपासणी केली. सर्व ठीक आहे. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटाने दाबून त्यांनी दाखवले की स्नायू भरलेले आहेत आणि कणा धारेसारखा वर आलेला नाही. वजन आता १३५० ग्रॅम आहे. पाठीवरचा रंग फिका पडून डोळे निळसर दिसू लागले आहेत, म्हणजे कात टाकण्याची वेळ आली आहे. तेव्हा हा आठवडा तर त्याला खाण्याचे विचारायलाच नको.

माझे दोन प्रश्न उरले आहेत. माझ्या भाचीने डिसेंबरात बॉल पायथनचे पिल्लू आणले आहे आणि तेही खात नाही. त्यालाही हेच लागू आहे का? आणि आमच्या सापाने पुन्हा खायला सुरुवात केली की राहिलेले भरून काढायला त्याला अधिक द्यावे का?

मिलिंद_लेस्टर

पिल्लाला हे अजिबात लागू नाही, आणि हा फरक या धाग्यावर ठळकपणे यायला हवा. वर लिहिलेले सर्व काही प्रौढ, अंगावर साठा असलेल्या सापाविषयी आहे. पिल्लाला प्रजननाचा हंगाम नसतो आणि साठाही नसतो. अंड्यातून निघाल्यावर पहिली कात टाकेपर्यंत ते पोटातील पिवळ्या बलकावर राहते, पण त्यानंतर त्याने नियमित खायला हवे. नव्या घरी आल्यावर आठवडाभर त्याला कोणीही हात लावू नये. पेटी फार मोठी असेल तर लहान करावी किंवा पानापाचोळ्याने आणि खोक्यांनी भरून टाकावी; अंग सर्व बाजूंनी टेकेल अशी अरुंद ढोली उबेच्या बाजूला एक आणि थंड बाजूला एक द्यावी. मग अंधारात उंदराचे लहान पिल्लू द्यावे. तीन-चार आठवड्यांत खाल्ले नाही किंवा वजन उतरू लागले तर भाचीने थांबू नये, पशुवैद्यांना दाखवावे. ज्यांच्याकडून ते आणले त्यांना, त्यांनी काय खाऊ घातले होते, हेही विचारावे. आफ्रिकेतील रानात या सापाचे भक्ष्य वेगळ्या जातीचे उंदीर असतात, आणि पाळीव पिल्लेही कधीकधी ज्या भक्ष्यावर वाढली त्याचाच वास ओळखतात. पांढऱ्या रॅटचे (मोठ्या जातीच्या उंदराचे) पिल्लू नाकारणारे बॉल पायथन साधा लहान उंदीर आनंदाने घेते, असे अनेकदा घडते.

प्रौढ सापाच्या बाबतीतही उपासाबरोबर आणखी काही दिसले तर ऋतूचे कारण पुढे करू नये. नाकातोंडाशी फेस किंवा चिकट लाळ, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज, तोंड उघडे ठेवून मान वर करून बसणे, हिरड्यांवर पिवळट थर, खाल्लेले उलटून टाकणे, किंवा डोके वाकडे करून आकाशाकडे पाहत राहणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर त्याच आठवड्यात तपासणी व्हायला हवी. २०१४ पासून बॉल पायथनमध्ये श्वसनाचा आजार करणारा निडोव्हायरस ओळखला गेला आहे आणि तो एका सापापासून दुसऱ्याला लागतो, म्हणून घरात अधिक साप असतील तर आजारी साप ताबडतोब वेगळा ठेवावा. उपास मे महिन्याच्या पुढे लांबला आणि वजन उतरतच राहिले, तरीही पुन्हा तपासून घ्यावे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी. भरून काढण्याची घाई करू नका. आकसलेले आतडे पुन्हा वाढायला वेळ लागतो, म्हणून पहिले भक्ष्य नेहमीच्या निम्म्या आकाराचे द्या, त्यानंतर किमान दहा दिवस त्याला उबेला निवांत पडू द्या, विष्ठा झाल्यावर दुसरे द्या आणि मग हळूहळू नेहमीच्या आकारावर या. पहिले भक्ष्य उलटले तर दोन आठवडे काहीही देऊ नका. तुमचा नर दीड किलोच्या घरातला आहे, आणि पाळीव नरांना आपण प्रेमापोटी अति खाऊ घालतो, हेही लक्षात ठेवा. सेंट लुईस प्राणिसंग्रहालयातील बॉल पायथनच्या एका मादीने २०२० साली साठी ओलांडलेल्या वयात अंडी घातली होती. इतके दीर्घ आयुष्य ज्या सापाला शक्य आहे, त्याला वर्षातून काही महिने पोट रिकामे ठेवण्याने नुकसान होत नाही. लठ्ठपणाने मात्र निश्चित होते.

कात पूर्ण निघाली का ते पाहा, विशेषतः डोळ्यांवरचे पापुद्रे आणि शेपटीचे टोक. आर्द्रता काही दिवस सत्तर टक्क्यांपर्यंत वाढवली तर ती एकसंध निघेल. त्यानंतर चार-पाच दिवसांनी एकदा भक्ष्य दाखवून पाहा, कारण पुष्कळ नर हिवाळ्यातील उपास कात टाकल्यानंतर सोडतात. नाकारले तर तो उंदीर पुन्हा गोठवू नका, टाकून द्या, आणि पुढचा प्रयत्न फेब्रुवारीच्या अखेरीस करा.